पामच्या फाट्यावरचे ताडगोळे

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल सुनेने ताडगोळे सोलायला घेतले आणि त्या गोडसर, ओल्या वासाने मला साठच्या दशकातल्या एका दुपारी नेलं.

दांडीहून मुंबईला मासळीचा ट्रक मी आणि गणपत मिळून चालवायचो. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, म्हणून एक चालवी आणि दुसरा सीटमागच्या फळीवर झोपे. गणपतने वडिलांशी भांडून घर सोडलं होतं. त्या दिवशी त्याने पामला, आपल्या गावी, बाबाला निरोप धाडला होता की, राग गेला असेल तर फाट्यावर उभे राहा.

"पाम आलं का उठव मला. बाबा दिसला तर मी उतरनार."

"आनि गाडी मी एकट्यानं नेऊ?"

"मासे हायत ना सोबतीला," म्हणत तो हसतच झोपला.

ऊन पिवळं झालं होतं. मागे बर्फाचं पाणी ठिबकत होतं, ताडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. फाट्यावर म्हातारा उभा होता, हातात पानात बांधलेले ताडगोळे. त्याने हात वर केला. एकट्याने मुंबई गाठायची मला धास्ती वाटली आणि मी गाडी पुढे काढली.

पालघरला गणपत उठला. "बाबा व्हता?"

"नाय."

तो पुन्हा कधी गावी गेला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, एका फेरीचा तर प्रश्न आहे. आता दोघंही नाहीत.

गणपत, माफ कर. तुझा बाबा आला होता.