पुंडलिकची न आलेली गाडी

आमच्या आळीत पुंडलिकच्या दाराशेजारी एक मोकळी जागा आहे. तिथे पांढरी शुभ्र सात सीटची गाडी उभी असते, असं अजून अर्ध्या पेणला वाटतं. प्रत्यक्षात तिथे कोंबड्या असतात. ही कोंबड्यांची नव्हे, पुंडलिकची गोष्ट आहे; पण कोंबड्यांना अखेरपर्यंत बरंच सोसावं लागलं, म्हणून त्यांचं नाव आधी घेतलं.

पुंडलिक मिनीडोर, म्हणजे भाड्याची तीनचाकी टमटम, चालवतो. पेण, वडखळ, धरमतर, आणि पुन्हा उलट. कागदावर ही गाडी सहा माणसांची. सातव्याला मात्र त्याने रस्त्यावर सोडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. आळीतले आम्ही बाकी सगळे गणपतीवाले. तरी कारखान्यातून मूर्ती न्यायची झाली की आमच्याकडची पहिली हाक पुंडलिकलाच. मागे मूर्ती असली की हा माणूस खड्ड्याची परवानगी काढून चाक घालतो. आम्ही चिडवतो, आमच्या बाप्पाला एवढं जपतोस, वर गेल्यावर काय सांगशील? तो म्हणतो, तडा गेला तर तुम्ही इथे खाली काय सांगाल, त्याची मला जास्त काळजी.

रविवारी मात्र गाडीला भाडं नसतं. त्याच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना रोह्याला भरते. पेणमधली आणि खाडीकाठची चार म्हातारी माणसं गोळा करून तो त्यांना नेतो-आणतो. डिझेल त्याचं, गाणी सगळ्यांची. त्यात बायजा आजीची जागा ठरलेली, मागे दाराजवळ, वाऱ्याला. आजी धरमतरकडच्या एका गावात एकटी राहते आणि आठवडाभर सुकट-बोंबील विकते. रविवारी धुतलेलं लुगडं नेसून ती फाट्यावर दगडावर बसून राहायची. तिच्या गुडघ्यांना ना एसटीची पायरी झेपते ना स्टेशनचा जिना. म्हणजे पुंडलिक आला तर देऊळ, नाही तर घर. देऊळ म्हणजे चर्च. आजी देऊळच म्हणते.

गेल्या दिवाळीनंतर रोह्याला नवे उपदेशक यायला लागले. ऋत्विक सर. पनवेलचे, वय तिशीच्या आत, आवाज असा की मागच्या बाकावर डुलकी घेणारेही ताठ बसावेत. रोह्याच्या उकाड्यात ब्लेझर घालून उभे राहायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपला बाप राजा आहे, मग राजाची लेकरं चिंधीत का? बायबलातल्या अब्राहामाकडे उंटांचे कळप होते. तुमच्याकडे नसतील तर देणारा कंजूष नाही, तुमचं मागणं छोटं आहे. मागा, आणि मिळालंच आहे असं धरून चारचौघांत साक्ष द्या. आणि जुनं सोडा, हात भरलेले असले तर नवं घेणार कशाने?

पुंडलिकचे वडील प्रार्थनेत भाकर मागायचे तीही त्या दिवसापुरती. उद्याची मागितली तर देवाला आपण हावरट वाटू, असं त्यांना वाटायचं. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे नवं ऐकून आधी घाम फुटला आणि मग गोड वाटायला लागलं. आपल्या म्हाताऱ्यांना वडखळच्या धुळीतून न्यायचं, त्यापेक्षा काचा लावून, एसी सोडून नेलं तर? एवढंच त्याचं राजवैभव. त्याने ते मालूला सांगितलं. मालू, त्याची बायको, म्हणाली एसीत तुमची म्हातारी खोकतील.

पण पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी पुंडलिक उठलाच. प्रभूने मला सात सीटची पांढरी गाडी दिली आहे, त्याचे आभार, असं म्हणून खाली बसला. टाळ्या झाल्या. सरांनी डोळे मिटून हात वर केले.

घरी येऊन त्याने कोंबड्यांचं खुराडं मागच्या दारी नेलं आणि दाराशेजारची जागा झाडून घेतली. गाडी येईल तेव्हा धावपळ नको. कोंबड्यांचा विश्वास कमी पडला. संध्याकाळी त्या जुन्याच जागी येऊन उघड्यावर बसायच्या आणि मालू त्यांना एकेक करून उचलायची. आळीतल्या लोकांनी पेढे मागायला सुरुवात केली. मालू म्हणायची, आधी गाडी दाखवा, पेढे मी देते.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग वडखळचा नाथा आला. त्याला मिनीडोर हवी होती, मागची बाजू कापून चायनीजची गाडी करायला. इंजिन ठणठणीत आहे, म्हणाला, कढई मस्त बसेल. आणि जुनं सोडा हे डोक्यात घोळत असलेल्या पुंडलिकने होकार दिला. सोमवारी येऊन घेऊन जा. मालू त्या रात्री जेवायला वाढताना काही बोलली नाही. मालू गप्प बसली की आळीला कळतं काहीतरी बिनसलंय, कारण एरवी तिचं बोलणं आम्हाला भिंतीतून ऐकू येतं. मिनीडोर गेली आणि पांढरी आली नाही, तर खायचं काय, हे तिने विचारलं नाही. आणि त्याने सांगितलं नाही.

त्याच सुमारास बायजा आजी फाट्यावर दिसेनाशी झाली. एक रविवार गेला. ताप असेल, असं पुंडलिक म्हणाला. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा, म्हणजे देवळात भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायचा. त्या दिवशी आजी चुकत नाही, एकदा कमरेला पट्टा बांधून आली होती. दगड रिकामा पाहिल्यावर पुंडलिकने हॉर्न वाजवला, मग गाडी बाजूला लावली आणि तो गावात चालत गेला. मालू मागोमाग. पुढचं मालूने सांगितलेलं. मालू खोटं बोलत नाही, फक्त मोठ्याने बोलते.

आजी ओट्यावर बसली होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले.

"आज्जे, तयार हायस नि इथं बसलीस?" पुंडलिकने विचारलं.

"रविवार हाय, म्हनून नेसली," आजी म्हणाली. "तू जा. मना नको."

"का गो?"

आजीने आधी पदर सारखा केला. "तुजी नवी गारी. माजे अंगाला सुक्या म्हावऱ्याचा वास, तो किती धुतला तरी जात नाय. तुजी शीट खराब व्हायाची. तू काय बोलायचा नाय, पन मना लाज वाटंल."

पुंडलिकने फाट्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "जुनीच आणलीय."

"मंग नवी कुठं हाय?"

"नाय आली."

"कोनी नेली?"

"आलीच नाय, आज्जे."

आजीने पाय ओट्याखाली सोडले. मग विचारलं, "तू देवाचे म्होरं बोललास ना, मिलाली म्हनून?"

आगाऊ आभार मानले होते, असं त्याने समजावून सांगितलं. मालू म्हणते, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आजीला आगाऊ वगैरे काही कळलं नसावं. तिने फक्त काठी शोधली. "मंग चल की. भाकर मोरतील तवर आपुन हितंच."

पुंडलिकने गाडी रोह्याकडे घेतली. आजी आपल्या जागेवर, वाऱ्याला, गात होती. तो आरशात बघत होता. आजवर त्याने ती पांढरी गाडी मनात किती वेळा चालवली होती, आणि प्रत्येक वेळी मागच्या काचेशी आजी बसलेली असायची. ती त्या गाडीत कधी बसलीच नसती.

साक्षीच्या वेळी तो पुन्हा उठला. सरांचा चेहरा खुलला. गाडी आली असावी.

"मी गाडी मिळाली म्हणून उभा राहिलो होतो," पुंडलिक म्हणाला. "ती मिळालेली नाही. मिनीडोर आहे. ती देणाऱ्याचे आभार मी कधी मानले नव्हते, ते आज मानतो. ती मी विकत नाही. फाट्यावर जो बसेल त्याने बिनधास्त बसावं."

टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी मागून "सलाम, पुंडलिकभाऊ" म्हणालं आणि हशा पिकला, चांगला हशा. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि सरळ प्रभुभोजनाला सुरुवात केली. त्या दिवशी उपदेश झालाच नाही. लोकांना घरी लवकर जायला मिळालं, त्याचेही पुष्कळांनी मनात आभार मानले असतील.

बाहेर पडल्यावर कळलं, सरांची परतीची मेमू, म्हणजे रेल्वेगाडी, रद्द झाली. पनवेलहून ते दर वेळी मेमूनेच यायचे, ब्लेझर पिशवीत घालून. पेणपर्यंत सोडता का, त्यांनी विचारलं. जागा फक्त आजीशेजारी होती. आजी सरकली. सर ब्लेझर मांडीवर घडी घालून बसले, आणि नागोठणं मागे पडल्यावर हळूच पुढे वाकून म्हणाले, "पुंडलिकभाऊ, माझीही अजून आलेली नाही."

"आभार मानले होते?"

"केव्हाच."

पुंडलिकने आरशात पाहिलं. चिडवायची एवढी आयती संधी आली होती. मी असतो तर सोडली नसती. त्याने सोडली. म्हणाला, उन्हाची तिरीप येतेय, आजीकडे सरका.

सोमवारी नाथा आला, चहा प्यायला आणि दुसरी गाडी शोधायला गेला. खुराडं मालूने स्वतः उचलून जुन्या जागी ठेवलं. ऋत्विक सर अजून येतात. अब्राहामाचे उंट आता थोडे कमी झालेत म्हणे.

पुंडलिकने गाडी मागायचं सोडलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. रोज संध्याकाळी मागतो, भिंतीतून ऐकू येतं. पांढऱ्या रंगाचा आग्रह त्याने सोडलाय, एसीही सोडलाय. आता म्हणतो, सीट तेवढ्या रेक्झिनच्या दे. पाण्याने पुसता येतील अशा.