बाराव्यानंतरची सही

आजोबांचं बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात गाडी येऊन उभी राहिली. मामाने ती आधीच सांगून ठेवली होती. "माणसं जमलीच हायत, तर महाडला जाऊन सह्या उरकू. परत कोण कोणाला बोलवत बसणार?"

आमच्या पोलादपूरकडच्या गावांत ही रीतच आहे. बाराव्याला मुली माहेरी आलेल्या असतात, रडून थकलेल्या असतात. त्या सासरी परतायच्या आत त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडला, असा तो कागद. बदल्यात साडी मिळते. मामाने आईसाठी आणलेली साडी चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलू. तिच्या हातात देताना तो म्हणाला, "अक्का, ही सहीसाठी नाय हां. भावाची माया हाय."

आई घरात जाऊन आवरत होती तेव्हा मी तिला हळूच म्हणाले, "सही केलीच पाहिजे असं नाही गं. वारस म्हणून तुझं नाव तसंही लागतं."

"गप गो! मी सही नाय केली तर भावाचं नाव सातबाऱ्याला कसं लागेल?"

अख्ख्या गावाचा हाच समज आहे. बहीण सही करत नाही तोवर भावाचं नाव अडतं, म्हणजे ती भावाच्या वाटेतली धोंड. हे खरं नाही. मी कॉलेजात सरांना विचारलं होतं. वारसनोंदीत बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांची नावं एकत्र लागतात, त्यासाठी कोणाला काही सोडावं लागत नाही. पण आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मीच पहिली. बँकेची स्लिप भरायची असली की माझ्या शिक्षणाचं कौतुक, आणि जमिनीचं बोलले की मी पोर.

आजीलाही गाडीत पुढे बसवलं होतं. मला वाटलं, घरात एकटी नको म्हणून घेतली असेल. घाट उतरून खाली आल्यावर मामा सहज बोलून गेला, "आयेचा पण अंगठा घेऊन टाकू. एकाच खेपेत काम."

"कसला अंगठा रे?" आजीने विचारलं.

"फॉर्मॅलिटी गो, आये."

माझ्या अंगाची आग झाली. नवऱ्यामागे या बाईला कायद्याने जे मिळतं, तेही तिच्याकडून सोडवून घ्यायचं? मामा वाईट माणूस नाही. आजोबांच्या आजारपणात मुंबईहून दर आठवड्याला धावत यायचा. म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. इथे सगळे चांगले, आणि तरी दोन बायका घरादाराच्या बाहेर.

महाडला चवदार तळ्याच्या बाजूने गाडी नोंदणी कार्यालयापाशी आली. बाहेर कागद टाइप करून तयारच होता. मामाने तो माझ्या हातात दिला. "तू शिकलेली हायस ना? दोघींना वाचून दाखव. म्हणजे उद्या कोण बोलायला नको."

मी वाचायला लागले. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथे आले आणि मला पुढे वाचवेना. कागद खाली करून मी म्हणाले, "आजी, अंगठा दिलास की शेतात नि घरात तुझं काय नाय. मामा ठेवील तवर रवायचं."

"असं कुठे लिवलंय?" मामा ओरडला.

"लिवलं नाय मामा. पण अर्थ तोच."

"दोन बुकं शिकली नि वकील झाली!"

मामाने आजीला हाताला धरून आत नेलं. आत साहेबांनी तिला विचारलं, "आजी, राजीखुशीने हक्क सोडताय ना?"

"हो साहेब," मामा म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

आजीने पदर सारखा केला. "साहेब, मेलाय तो माझा नवरा. मी अजून मेली नाय. माझ्या वाटणीचं काय ते मी मेल्यावर बघा."

साहेबांनी कागद परत सरकवला. असा नोंदवता येणार नाही, म्हणाले.

बाहेर आल्यावर मामाने आवाज खाली आणला. "बरं, आयेचं रवू दे. अक्का, तुझ्या एकटीचा दुसरा करून घेऊ."

आई आजीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही हो म्हणणार. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणतात, घेणाऱ्या भावाला कोणी काही म्हणत नाही. आईला ते ठाऊक होतं.

"नको," आई म्हणाली. "मी पण अजून जिती हाय." आणि पिशवीतली साडी काढून तिने मामापुढे धरली. "ही घे."

आजीने तिचा हात मागे ओढला. "ठेव गो ती! मायेची हाय बोलला ना तो? मग माया काय परत घेतात?"

मामा गाडीत जाऊन बसला.

भाऊबीजेला तो येईल की नाही, आईला माहीत नाही. ती दिवसातून एकदा तरी तसं म्हणते, आणि तिला हे म्हणावं लागावं याचीच मला चीड येते. सोमवारी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा आहे. मी तो लिहून ठेवला आहे. आजीचं नाव, आईचं नाव, आणि मामाचंही. त्याचं नाव कोणी अडवलेलंच नव्हतं.