दोन कपाटांमधली बेरीज

भवानी पेठेतल्या आमच्या घरी चादरीच्या नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे मागावरच, विणणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेले असत. ते शेजारच्या गल्लीत ठेवून दर धाग्याला आणायला धावायचं, असं खूळ कुणाच्या डोक्यात आलं नसतं. सत्तरच्या दशकात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले, तेव्हा कळलं की कॉम्प्युटर नेमकं तेच करतो. आकडे मेमरीच्या चिपमध्ये, हिशेब करणारी चिप वेगळी, आणि सगळा वेळ आकड्यांची ने-आण करण्यात जातो. मी शेवटच्या वर्षी दोन्ही एकाच पट्टीवर जोडायचं ठरवलं. आकडा जिथे, तिथेच बेरीज. हा प्रोजेक्ट परीक्षकांसमोर चालला, तरच मी पास होणार होते.

कॉलेजात मेमरीची चिप एकच. महाग, म्हणून ती विभागप्रमुखांच्या केबिनमधल्या कपाटात. बेरजेच्या चिपा स्टोअरच्या कपाटात. आणि नियम असा, की सकाळी घेतलेली वस्तू संध्याकाळी आपापल्या कपाटात परत गेलीच पाहिजे. म्हणजे रोज सोल्डर करून जोडायचं आणि रोज उकलायचं! पट्टी अख्खी राहू द्या, म्हणून मी प्रमुखांच्या विनवण्या केल्या. ते म्हणाले, "एकत्र केली तर ठेवायची कुठल्या कपाटात?"

"ताई, मी तरी काय करू? नियम हाय की," स्टोअरकीपर म्हणायचे. ते बिचारे खरंच बोलत होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पट्टी चालली. पट्टीवरचे दिवे बरोबर लागले, बेरीज बरोबर आली. संध्याकाळी ती उकलताना मेमरीच्या चिपचा एक धातूचा पाय तुटून माझ्या हातात आला.

सकाळी परीक्षेच्या टेबलावर सुट्या चिपांचे दोन डबे. "जोडून का नाही आणलं?" बाहेरगावच्या परीक्षकांनी मला विचारलं. उत्तर प्रमुखांनीच दिलं, "मुलींना वेळेचं नियोजन जमत नाही, सर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "सर, कॉम्प्युटरची अडचण हीच आहे. एका डब्यात मेमरी, दुसऱ्यात बेरीज, आणि मधे आमचे साहेब."

परीक्षक हसले. प्रमुख हसले नाहीत, आणि मी नापास झाले. तो राग आजही गेलेला नाही, आणि जाऊही नये.

पुढच्या खेपेला मी एक साधा रेडिओ जोडून दाखवला आणि पास झाले. रेडिओचे सगळे भाग एकाच कपाटात होते.