पाण्यावर चालणारे चाचा

“डोक्यामागं जरा पिवळा उजेड टाक,” सर म्हणाले. “आणि खाली लिही, माकणीच्या पाण्यावर चालणारा फकीर.”

धाराशिवच्या एका छोट्या यूट्यूब न्यूज चॅनेलमध्ये मी व्हिडिओ एडिटर आहे, सर त्याचे मालक. बातमीला आवाजही माझाच असतो. व्हिडिओ उघडायच्या आधी जे चित्र दिसतं त्याला थंबनेल म्हणतात. सर ज्या उजेडाबद्दल बोलत होते, तो थंबनेलसाठी.

सकाळपासून ती क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरत होती. माकणी धरणाच्या ऐन पाण्यात एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललाय. घोटेसुद्धा बुडत नाहीत.

“एआयची असणार,” सर म्हणाले. “असू दे. चालतीय ना?”

मी एकेक फ्रेम थांबवून बघितली. बनावट व्हिडिओत बऱ्याचदा बोटं, सावल्या गडबडतात. इथं सावली बरोबर होती, शिंतोडेही बरोबर उडत होते. माणूस खरा होता. मग त्याला विचारायला काय हरकत? मी कॅमेरा उचलला आणि एसटी धरली.

माकणीजवळ काठावर गर्दी होती. कुणी नारळ आणले होते, कुणी हार. मधोमध क्लिपमधले म्हातारे, हुसेनचाचा, काठी घेऊन उभे, वैतागलेले.

“मी फकीर न्हाय, बाबा न्हाय,” ते मला म्हणाले. “खाली आमच्या जुन्या गावचा रस्ता हाय, बेटी. धरणापायी गाव उठलं, रस्ता कुठं जाणार? उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी त्याच्यावरनं गवताला जातो. लई वर्षं झाली.”

कुणीतरी लांबून झूम करून त्यांना टिपलं होतं. झूम केलं की अंतर कळत नाही, त्यामुळं काठालगतचा माणूस भर पाण्यात दिसतो.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक तरुण बूट हातात घेऊन पाण्यात शिरला. दुसऱ्या हातात मोबाईल, स्वतःचाच व्हिडिओ चालू. थोडा गेला आणि दिसेनासा झाला. मी कॅमेरा टाकून पळाले. चाचा माझ्या आधी पोचले होते. त्यांनी काठी पुढं केली, आम्ही दोघा-तिघांनी त्याला ओढून घेतलं.

“रस्ता तिथं वळतो,” चाचा त्याला म्हणाले. “ते तुला कोण सांगणार, मोबाईल?”

मग मी माझ्या मोबाईलवर शूट केलं. चाचा रस्त्यावरनं चालले आणि कडेला एक लांब बांबू सोडला. बांबू अख्खा आत गेला.

मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

“बुडताना शूट झालं का?”

“नाही.”

“मग चमत्काराचंच लाव.”

“उद्या आणखी कुणीतरी पाण्यात उतरेल, सर. ते माझ्या आवाजात जाणार नाही.”

“चॅनेल माझं आहे.”

“आवाज माझा आहे.”

“मग उद्यापासून येऊ नको.”

“बरं,” मी म्हणाले. घरी काय सांगायचं ते कळत नव्हतं. तरी तिथंच दगडावर बसून तो व्हिडिओ मी माझ्या नावानं, माझ्या चेहऱ्यानं सगळ्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत गावकऱ्यांनी रस्त्याच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि गर्दी पांगली.

आठवड्यानं सरांचा फोन आला. माझा व्हिडिओ बराच फिरला होता, आणि चमत्कार दाखवणाऱ्या चॅनेलांना, त्यात आमच्याही, लोक शिव्या घालत होते. सरांना तो आपल्या चॅनेलवर हवा होता.

“माझ्या नावानं. एक शब्द बदलायचा नाही,” मी म्हणाले. “आणि मी उद्यापासून येणार.”

ते कुरकुरले आणि कबूल झाले. चमत्काराच्या निम्मेही व्ह्यूज आले नाहीत, हे ते मला अजून ऐकवतात. मीही ऐकून घेते.

हुसेनचाचा मात्र नाराज झाले. फांद्यांमुळं त्यांचीही वाट अडली होती. शेवटी एका बाजूनं त्यांनी आपल्यापुरती फट केली.

व्हायरल झालेल्या माणसाला आधी गाठून विचारावं. निम्म्या बातम्या तिथंच संपतात. आमच्या धंद्यात म्हणूनच कुणी विचारत नाही.