चौथं पोलकं

चतुराबाईसमोर कापड ठेवून खोटं बोलता येत नाही, हे राजापेठेमागच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एकट्या तिच्या जावयाला.

चाळीस वर्षं ती लोकांच्या जुन्यापान्या कपड्यांच्या वाकळी शिवते आहे. कपडे आले की आधी प्रत्येक शिवण उसवायची, तुकडा उजेडात धरायचा, मग दोन ढीग करायचे. फाटकं आत, धड वर, हा तिचा शिरस्ता. पांघरणाऱ्याला वरची फुलंच दिसली पाहिजेत. फाटक्यातलाही फरक ती ओळखते. वापरून विरलेलं कापड जाळीदार होतं. हिसका मारून फाडलेलं शिवणीवरून टरकतं आणि सोबत चांगल्या कापडाचा लचका घेऊन येतं.

जावई धर्मेंद्र अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. गेल्या आठवड्यात कामानिमित्त अमरावतीत आला आणि घरच्या पेटीच्या तळाशी सापडलेलं बोचकं दारात टेकवून गेला.

"मामी, संध्याले सातवा लागला. लेकरासाठी वाकय शिवून ठेवा."

शहाण्याने बायकोची पोलकी उलगडूनसुद्धा पाहिली नव्हती.

पहिल्याची बाही खांद्यापासून उपटलेली. दुसऱ्याचे हुक कापडासकट तुटलेले. तिसरं पांढरं, संध्या लग्नाच्या दिवशी विहारात उभी राहिली तेव्हाचं. त्याच्या गळ्यापासून पाठीपर्यंत तपकिरी डाग, साबणाने घासघासून फिका केलेला. धुतलेलं रक्त असंच राहतं, हे चतुराबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि लेक रोज फोनवर म्हणायची, "बरं हाय माय."

चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा नवरा देवमन अकरा वर्षांपूर्वी वारला. जिवंत होता तोवर त्याचा पट्टा खुंटीवर कमी आणि तिच्या पाठीवर जास्त असायचा. तेव्हाचं एक फाटलेलं पोलकं तिने घरच्या वाकळीच्या आत घालून वरून टाके मारले होते. त्याच वाकळीखाली संध्या लहानाची मोठी झाली. लेकीला यातलं काही कळू दिलं नाही, एवढा एकच अभिमान ती बाळगून होती.

दुसऱ्या दिवशी ते बोचकं आणि घरची वाकळ काखोटीला मारून तिने दर्यापूरवरून अकोटला जाणारी एसटी पकडली. लेक माहेरी यायला नाहीच म्हणाली, तर तिला वाकळीच्या आतलं दाखवायचं होतं.

भर दुपारी ती दारात पोचली तेव्हा आत धर्मेंद्रने संध्याचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं तो भिंतीवर आपटत होता. ताट वाढायला उशीर झाला, एवढंच कारण. संध्या दोन्ही हातांनी पोट झाकून उभी होती. चतुराबाईने मागून वाकळ त्याच्या डोक्यावर टाकली आणि धुणं बडवायची मोगरी उचलली. काही दिसेना म्हणून तो धडपडून पडला. ती बडवत सुटली. खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला तरी ती थांबली नाही, थांबायचं काही कारणही नव्हतं.

"माय, सोड. जीव जाईन त्याचा," संध्या मध्ये पडली.

धर्मेंद्र कण्हत कोपऱ्यात सरकला. चतुराबाईने वाकळ ओढून घेतली, दातांनी टाके तोडले आणि आतलं विटकं पोलकं बाहेर काढलं.

"हे पाय. तुह्या बापानं फाडलं होतं. मी सोसलं, तू नको सोसू. चाल माह्यासंगं."

संध्याने कपाळावरचं रक्त पदराने पुसलं. पोलक्याकडे तिने नीट पाहिलंही नाही.

"मले मालूम होतं माय. सातवीत होती तवा शिवण उसवून पाह्यलं होतं. तू गप बसली, मनून मीबी गप बसली."

इतक्या वर्षांच्या पट्ट्यांनी बसला नव्हता असा मार चतुराबाईला त्या एका वाक्याने बसला.

दवाखान्यात संध्याच्या कपाळाला टाके पडले. पोटातलं बाळ धड आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तिथून मायलेकी पोलीस ठाण्यात गेल्या. जावयाला आपण मोगरीने बडवलं, हे चतुराबाईने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मग टेबलावर एकेक पोलकं पसरलं, फाटका भाग वर करून.

"तीन पोरीचे," हवालदार म्हणाला. "हे चौथं कोणाचं?"

"माह्यं," चतुराबाई म्हणाली. "तेबी लिवा."