कापडाला दिलेला शॉक

आमच्या लॅबमध्ये कापडावर थर चिकटायचा नाही, किस्से मात्र असे चिकटायचे की धुऊनही जायचे नाहीत! आता कोणी पीएचडीचं विचारलं की आधी तेच आठवतात.

काम सांगते. केसाहून कितीतरी बारीक तंतू, म्हणजे नॅनोफायबर, सुती कापडावर सोडायचे. त्यांची जाळी धूळ अडवते. त्यातून धुता येणारा मास्क करायचा. भानगड एकच, जाळी कापडाला धरून राहायची नाही. माणसं तिघं: नायगावची मी, करी रोडचा नीलेश आणि आमच्या गाइड मॅडम.

*

पहिला नमुना मी ट्रेमधून मॅडमच्या केबिनमध्ये नेला. मॅडम चष्मा सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "हं!"

तेवढ्या श्वासाने जाळी सुटली आणि त्यांच्याच केसांवर जाऊन बसली.

नीलेश गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हाला छान चिकटलीय!"

*

मग प्लाझ्मा आला. बंद पेटीतल्या वायूत वीज सोडली की जांभळा उजेड पडतो, कापडाचा पृष्ठभाग बदलतो आणि वरचा थर घट्ट धरतो. नीलेशने घरी आईला सोपं करून सांगितलं, "जाळी बसवायच्या आधी आम्ही कापडाला शॉक देतो."

आई मालवणच्या. हातातलं खोबरं तसंच राहिलं. "मेल्या, शॉक दितस? तेणा तुजा काय केल्यान?"

*

एका शुक्रवारी मी कापडाला प्लाझ्मा दिला आणि मावसबहिणीच्या लग्नाला गेले. मला वाटलं नीलेश जाळी बसवेल, त्याला वाटलं मी येऊन बसवेन. सोमवारी बसवली तर पापुद्र्यासारखी निघाली. प्लाझ्माचा असर तोवर उतरला होता. मग काय, कडाक्याचं भांडण! आम्ही निरोपसुद्धा मॅडममार्फत द्यायला लागलो.

शेवटी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. "प्लाझ्मा तीन दिवसांत उतरला. तुमचं भांडण आठवडाभर टिकलंय. त्याला कुठली ट्रीटमेंट दिलीत? मलाही शिकवा!"

आम्ही एकदमच हसलो. चहा नीलेशने आणला.

*

जाळी धरते का, हे बघायला सेलोटेप लावून झटक्यात ओढायची. जाळी टेपवर आली की नापास. एका दुपारी टेप आली ती कोरी! नीलेशने खिडकीशी धरून उलटसुलट बघितली.

मॅडमनी ती टेप घेतली आणि केबिनच्या काचेवर चिकटवली.

"मॅडम, कोणी विचारलं तर? यावर काहीच नाहीये."

"तेच तर दाखवायचंय रे!"

*

पहिला मास्क नीलेशने वडिलांना दिला. अण्णा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. छातीत कापूस गेलेला, जिना चढताना दोनदा थांबतात. त्यात आता चाळीसमोर टॉवर उठतोय, दिवसभर सिमेंटची धूळ. काही दिवसांनी मास्क तपासायला आम्ही दोघं घरी गेलो. बघतो तर आईंनी तो साबण लावून ब्रशने खसाखसा घासून वाळत टाकलेला!

मी हळूच बोट फिरवलं. जाळी जागच्या जागी.

"चिकटली, अण्णा!" नीलेश ओरडलाच.

अण्णा हसले. "माज्या छातीत कापूस चिकाटलो, तेका खंयचो शॉक दिललो रे?"

मग त्यांनी दोरीवरचा मास्क काढला आणि स्वतः न लावता आईंच्या कानांमागे अडकवला. आई लाजून मागे सरकल्या. "माका कित्याक?"

अण्णा आमच्याकडे वळले. "मिलातसून घराक इलय की माजे कपडे रोज हीच झटकी. अर्धो कापूस हिच्या छातीत आसा. पण ही खोकता ती न्हाणीत जावन, नळ सोडून."