मुखपृष्ठाच्या आतली नावं

शाळेतून निवृत्त झाल्यावर शंभरएक वर्षांपूर्वीच्या एका मासिकाचा इतिहास लिहायचं मी अंगावर घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, गुडघ्यांना असतं. अंबडहून बसने नाशिक गावात यायचं आणि वाचनालयाचा जिना चढायचा. त्या मासिकात इंग्रजीतलं विज्ञान आणि गोष्टी मराठीत यायच्या. ग्रहणावरचा एक लेख तर असा, की मी जन्मभर फळ्यावर सूर्य-चंद्र काढून जे शिकवलं, ते कुणीतरी दिवा आणि परातीवर समजावलं होतं. शेवटी इथल्याच घाटावर, गंगेवर म्हणून, ग्रहणाच्या स्नानाला जमलेली माणसं आणली होती. गोदावरीला गंगा म्हणणारा, म्हणजे माणूस नाशिकचाच. मीही एका विज्ञान मासिकासाठी अनुवाद करते. मला त्या माणसाचं नाव हवं होतं, बाकी इतिहास गेला खड्ड्यात.

लेखाखाली नाव नव्हतं. कुठल्याच लेखाखाली नव्हतं. अनुवादकांची नावं मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मिळतील, असं पहिल्या अंकात संपादकांनी सांगितलं होतं. मी सगळे खंड उलटले. एकालाही मुखपृष्ठ नव्हतं.

"बांधणीला देताना कव्हरं काढतातच, मॅडम," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "वर्षाचे अंक एकत्र शिवायचे, तर मध्ये मध्ये जाड कागद कशाला? पहिल्यापासून असंच करतात."

मी हातातला खंड मिटला. त्यांच्या टेबलाशेजारी बांधणीसाठी अंकांचा गठ्ठा रचला होता, कव्हरं काढून. आमचंच मासिक. अनुवादकांची नावं आम्हीही कव्हरच्या आतच छापतो; आमचे संपादक त्याला परंपरा म्हणतात.

"ह्यांची कव्हरं कुठेयत?"

"रद्दीत गेली की. हवी होती का?"

मी नको म्हटलं. त्यांना विचारून पेन काढलं आणि माझ्या एकेका अनुवादाखाली माझं नाव लिहिलं. बाई हसल्या, पण अडवलं नाही. मग सवयीने जुन्या खंडातला ग्रहणाचा लेख उघडला. शेवटच्या ओळीखाली बोटभर कोरी जागा होती. बाई एकेक पंखा बंद करत निघाल्या, तरी मी पेन धरूनच बसले होते. तिथे लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं.